हसताना हिरड्या जास्त दिसतात: डायोड लेझरने नुसती हिरडी कापावी की हिरडीचा पदर (फ्लॅप) उघडून हाडही कमी करावं?

तालुका_डेंटिस्ट

पेशंट मुलगी, वय २३. तब्येत ठणठणीत, कुठलंही औषध चालू नाही, तंबाखू-मिश्री नाही. तक्रार अशी की हसल्यावर हिरड्या फार दिसतात आणि दात दुधाच्या दातांसारखे आखूड वाटतात.

मोजमापं: सेंट्रल (वरचे मधले दोन दात) ८ मिमी उंच आणि ८.५ मिमी रुंद. लॅटरल (त्यांच्या शेजारचे) ६.५ मिमी उंच आणि तेवढेच रुंद. सुळे ८.५ मिमी उंच. धारा झिजलेल्या नाहीत. सल्कस (दात आणि हिरडी यांच्यातली खाच) उथळ, रक्त येत नाही, सीईजे (एनॅमल संपून मूळ सुरू होतं ती रेघ) प्रोबला म्हणजे मोजणीच्या काडीला लागत नाही. घट्ट हिरडी ७ मिमी, जाड. वरचा ओठ २१ मिमी. ओठ सैल ठेवल्यावर सेंट्रल ३ मिमी दिसतो आणि पूर्ण हसल्यावर दाताच्या वर ५ मिमी हिरडी दिसते. स्केलिंग होऊन दीड महिना झाला.

क्लिनिकमध्ये ९८० नॅनोमीटरचा डायोड आहे. सहा दातांवरची अडीच-अडीच मिमी हिरडी डायोडने काढली तर काम होईल, की फ्लॅप लागेलच?

पेरिओ_नाशिक

डॉक्टर, डायोड चालू करण्याआधी एक मोजमाप अजून हवं: हिरडीच्या कडेपासून हाड किती आत आहे. ते कळेपर्यंत या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणता येणार नाही.

हाडाच्या वर हिरडीला स्वतःची ठरावीक उंची लागते. गार्ग्युलो, वेन्झ आणि ऑर्बन यांनी १९६१ मध्ये दिलेली सरासरी आपल्या सगळ्यांना पाठ आहे: सल्कस ०.६९, एपिथेलियमची (वरच्या पेशीथराची) जोड ०.९७, तंतूंची जोड १.०७ मिमी. शेवटच्या दोन मिळून २.०४, तीच बायोलॉजिक विड्थ. नव्या वर्गीकरणात तिला सुप्राक्रेस्टल टिश्यू अटॅचमेंट म्हणतात. सल्कस धरला की ढोबळमानाने ३ मिमी. ही जागा कापली आणि हाड तिथेच ठेवलं, तर शरीर ती पुन्हा भरून काढतं. पहिल्या महिन्यात फोटो सुंदर येतो, मग कड हळूहळू धारेकडे सरकायला लागते. त्या ‘सुंदर’ कडेवर कुणी व्हिनियर (दातावर चिकटवायची पातळ पापडी) बसवलं असेल तर आणखी वाईट. हिरडी लाल, सुजलेली राहते आणि ब्रशने रक्त येतं. पेशंटला वाटतं आपणच नीट घासत नाही.

हाड कसं मोजायचं ते लिहितो. भूल वर व्हेस्टिब्यूलमध्ये (ओठ आणि हिरडी यांच्यातल्या खोबणीत) द्या, हिरडीच्या कडेत नको. कडेत दिली की हिरडी फुगते आणि आकडा चुकतो. पाच-सात मिनिटं थांबा. यूएनसी-१५ (मिमीच्या खुणांचा) प्रोब दाताच्या अक्षाला समांतर धरून सल्कसमधून आत न्या. जोड ओलांडून टणक हाड लागलं की वाचा. प्रत्येक दातावर तीन ठिकाणी: मधोमध आणि दोन्ही लाइन अँगलला (दाताच्या कोपऱ्यांवर).

सीईजेसाठी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) काढत असाल तर गालात प्लास्टिकचा रिट्रॅक्टर लावून काढा. ओठ हिरडीला चिकटलेला असला की दोन्हींची सावली एक होते आणि हिरडीची कड दिसतच नाही. सेंटरवाल्याला आधी फोन करून सांगावं लागतं, नाहीतर ते नेहमीच्या पद्धतीने काढून पाठवतात.

तुमच्या वर्णनावरून ही ऑल्टर्ड पॅसिव्ह इरप्शन दिसते. दात पूर्ण आलेला आहे, हिरडी मागे सरकायची राहिली आहे. कॉस्लेट यांच्या १९७७ च्या वर्गीकरणात टाइप १ म्हणजे घट्ट हिरडी भरपूर आणि टाइप २ म्हणजे बेताची. त्यात ए असेल तर हाड सीईजेपासून नीट दीड-दोन मिमी दूर असतं, बी असेल तर सीईजेला येऊन भिडलेलं असतं. ७ मिमी हिरडी आहे म्हणजे टाइप १ नक्की. ए की बी हे प्रोब सांगेल.

डायोडसाठी हिशेब एवढाच ठेवा: कडेपासून हाडापर्यंतच्या अंतरातून कापायची हिरडी वजा करा. ३ मिमी किंवा जास्त उरत असेल तर डायोड चालेल. कमी उरत असेल तर फ्लॅप. आणि हाडाजवळ डायोड अजिबात नेऊ नका. ही तरंगलांबी हिमोग्लोबिन आणि मेलॅनिनमध्ये शोषली जाते, हाड त्याने कापलं जात नाही, नुसतं तापतं आणि मरतं. कॉटरीचंही तेच.

ऑर्थो_ब्रॅकेट

हिरडीवर जाण्याआधी ओठाचाही हिशेब करून घ्या, आकडे तुम्हीच दिलेले आहेत. हसल्यावर ८ मिमी दात आणि ५ मिमी हिरडी, एकूण १३. सैल ओठात ३ मिमी दिसतात. म्हणजे ओठ १० मिमी वर जातो. साधारण ६ ते ८ मिमी जायला हवा. या मुलीची तक्रार दोन कारणांची मिळून आहे: हिरडी मागे सरकलेली नाही आणि ओठ जास्त उचलला जातो.

यातून पेशंटला काय सांगायचं? दात अडीच मिमीने लांब दिसायला लागले, तरी हसताना अडीच मिमी हिरडी दिसणारच. २ ते ३ मिमीपर्यंत दिसणारी हिरडी डोळ्याला खटकत नाही, आणि दातांचा आकार सुधारला की तेवढ्यावर बहुतेक जण समाधानी असतात. पण हे ऑपरेशनच्या आधी, आरसा हातात देऊन, मोजून दाखवा. नंतर सांगितलं की ते कारण सांगितल्यासारखं वाटतं.

जबड्याचं हाडच उभं वाढलेलं नाही ना, हेही बघा. सैल ओठात ३ मिमी दात दिसणं या वयाच्या मुलीला नॉर्मल आहे, ओठ २१ मिमी हाही नॉर्मल, त्यामुळे इथे ती शंका कमी. चेहऱ्याचा खालचा तिसरा भाग मधल्यापेक्षा लांब असेल, ओठ मिटताना हनुवटीवर खळगे पडत असतील, सैल ओठातच पाच-सहा मिमी दात दिसत असतील, तर सेफॅलोग्राम (डोक्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे) काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. गार्बर आणि सलामा यांच्या वर्गवारीत जबड्यामुळे दिसणारी हिरडी २ ते ४ मिमी असेल तर दात वर ढकलणं आणि हिरडीची शस्त्रक्रिया यावर भागतं. ८ मिमीच्या पुढे ल फोर्ट १ ही शस्त्रक्रिया करून जबडाच वर न्यावा लागतो. अशा ठिकाणी हिरडी कापत बसलं तर मुळं उघडी पडतात आणि हसू तसंच राहतं.

उरलेल्या ओठासाठी बोटॉक्स हा पर्याय आहे. नाकपुडीच्या बाजूला, जिथे ओठ उचलणारे तीन स्नायू एकत्र येतात त्या योन्सेई पॉइंटला, प्रत्येक बाजूला दोन-तीन युनिट. परिणाम तीन ते सहा महिने टिकतो, मग ओठ पुन्हा पहिल्यासारखा. डोस जास्त झाला की हसू ओढल्यासारखं आणि वाकडं दिसतं. लिप रिपोझिशनिंगमध्ये ओठाच्या आतल्या अस्तराची पट्टी काढून ओठ खाली बांधतात. त्यात हळूहळू थोडंफार पूर्ववत होण्याचा धोका आहे, म्हणून या केसमध्ये ते पहिल्या फेरीत नको. हिरडी स्थिर झाल्यावर पुन्हा मोजा आणि मग ठरवा.

तालुका_डेंटिस्ट

दोघांचेही आभार. ओठाचा हिशेब माझ्या लक्षातच आला नव्हता. आज मोजलं.

कडेपासून हाड: सेंट्रल ३.५, लॅटरल ३, सुळे ३.५ मिमी. रिट्रॅक्टर लावून काढलेल्या सीबीसीटीत सीईजे कडेच्या आत सेंट्रलला २.५, लॅटरलला २, सुळ्यांना २ मिमी. बाहेरचं हाड जाड, कडेला ओट्यासारखं.

पेरिओ_नाशिक

मग उत्तर मिळालं. सेंट्रलवर ३.५ मधून २.५ गेले की उरतो १ मिमी. डायोडने कापलेली हिरडी नक्की परत येणार. हाड सीईजेपासून फक्त १ मिमीवर आहे, ते अडीचवर न्यायचं, म्हणजे दीड मिमी काढायचं. सीईजे धारेपासून १०.५ मिमीवर, तिथे कड स्थिरावली तर ८.५ ला १०.५, म्हणजे रुंदी उंचीच्या ८१ टक्के. सुंदर दाताचं प्रमाण ७५ ते ८० मानतात, त्याच्या अगदी जवळ. ७८ मिळवण्यासाठी सीईजेच्या वर जाऊ नका. मूळ पिवळं दिसतं आणि थंड पाणी लागतं.

खुणा भूल देण्याआधी करा. ओठ बधिर झाल्यावर हसू वाकडं होतं, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. कडेचा सर्वांत उंच बिंदू सेंट्रलवर दाताच्या मध्यरेषेपासून साधारण १ मिमी दाढांकडच्या बाजूला, लॅटरलवर अर्धा मिमीच्या आत, सुळ्यावर जवळपास मधोमध. दोन्ही सेंट्रल आणि सुळे एका रेषेत, लॅटरल त्या रेषेच्या अर्धा ते एक मिमी खाली. सगळे उंच बिंदू दाताच्या मधोमध घेतले की हिरडी कंपासने काढल्यासारखी दिसते. माणसाचं हसू तसं नसतं.

भूल: लिग्नोकेन २ टक्के, अॅड्रिनलिन १:८०,०००. प्रोबने रक्ताचे बिंदू पाडा. १५सी ब्लेड, छेद आतल्या तिरकसाने, बिंदू ते बिंदू. पॅपिलाचं (दोन दातांमधल्या टोकदार हिरडीचं) टोक कापायचं नाही, पॅपिला मुळापासून उचलायचीही नाही. टार्नो यांनी १९९२ मध्ये दाखवलं की दातांच्या संपर्कबिंदूपासून हाड ५ मिमी किंवा कमी असेल तर पॅपिला पूर्ण भरते. ६ मिमीवर ते प्रमाण ५६ टक्के आणि ७ वर २७ टक्क्यांवर येतं. म्हणून दोन दातांमधल्या हाडाला हात नाही. तिथे काळा त्रिकोण पडला तर तो परत भरून आणणं फार कठीण.

हिरडीची पट्टी क्युरेटने (खरवडायच्या अवजाराने) निघाली की फ्लॅप हाडाच्या कडेपलीकडे तीन-चार मिमी उचला. उभे छेद नकोत, व्रण दिसतो. आता हाड. आधी ओटा घासून पातळ करा: गोल बर, सलाइनची सतत धार, हलका हात. मग सीईजेपासून २.५ मिमीची कड. मुळालगतचं शेवटचं अर्धा मिमी हाताने, छोट्या छिन्नीने काढा. फिरता बर मुळाला लागला की तिथे खाच पडते आणि पेशंट वर्षभर ‘थंड लागतं’ म्हणत राहतो.

सर्वांत जास्त चूक लाइन अँगलला होते. मधोमध सुरेख २.५ मिमी मिळतात आणि दोन्ही कोपऱ्यांवर हाड तसंच राहतं, कारण तिथे बर तिरका धरावा लागतो. तीन महिन्यांनी हिरडी कोपऱ्यांतून आत वळते आणि दात पुन्हा चौकोनी दिसायला लागतो. म्हणून प्रत्येक दातावर प्रोब तीन ठिकाणी टेकवा, मोठ्याने वाचा, असिस्टंटला लिहायला सांगा. अठरा आकडे कागदावर आल्याशिवाय टाके घ्यायचे नाहीत.

टाके ५-० किंवा ६-०, प्रत्येक पॅपिलाला एक. ओल्या गॉजने तीन-चार मिनिटं दाब द्या, खाली रक्ताची जाड गुठळी राहू नये.

घरी: त्या भागाला दहा-बारा दिवस ब्रश नाही. क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के, १० मिली दिवसातून दोनदा, दोन आठवडे. दात तपकिरी होतील, ते पॉलिशने निघतात, हे आधीच सांगून ठेवा. चहा-कॉफी कमी केली तर डाग कमी पडतात. पहिल्या दिवशी बाहेरून थंड शेक, तिखट आणि कुरकुरीत बंद. ओठ वर करून आरशात रोज बघायला सक्त मनाई, त्यानेच टाके ओढले जातात. निरोगी पेशंटला नेहमीच्या सवयीने अँटिबायोटिक लिहायची गरज नाही. टाके सात ते दहा दिवसांनी.

हिरडी_मॅडम

वरच्या प्लॅनशी सहमत, दोन गोष्टी जोडते.

एक, सहाच दातांवर थांबू नका. तिला मोठ्याने हसवून कुठपर्यंतचे दात दिसतात ते बघा. प्रीमोलर (सुळ्यामागचे दोन दात) दिसत असतील आणि आपण सुळ्यावर थांबलो, तर सुळ्यानंतर हिरडी एकदम पायरीसारखी खाली उतरते आणि हसताना नजर तिथेच जाते. पहिल्या प्रीमोलरवर, गरज पडली तर दुसऱ्यावरही, थोडं थोडं कमी करत उतरायचं.

दोन, कड टाक्यांनी कुठे बसवता याला महत्त्व आहे. फ्लॅप थेट हाडाच्या कडेवर ओढून बांधला तर नंतर तो जास्त सरकतो. ठरवलेल्या जागी, हाडापासून ३ मिमीच्या आसपास बसवला तर कमी. तुमच्या पेशंटची हिरडी जाड आहे आणि जाड हिरडी जास्त परत वाढते. पोन्टोरिएरो आणि कार्नेव्हाले यांच्या २००१ च्या अभ्यासात ही वाढ बारा महिन्यांपर्यंत मोजलेली आहे. त्यामुळे व्हिनियर करायचे असतील तर सहा महिन्यांच्या आत पक्कं माप घेऊ नका. लग्नाची तारीख जवळ आहे म्हणून सहा आठवड्यांत व्हिनियर मागणाऱ्यांना तात्पुरत्या कंपोझिटवर ठेवा. या केसमध्ये धारा शाबूत आहेत, एनॅमल आधीपासूनच आत लपलेलं आहे, म्हणजे व्हिनियरची गरजच पडू नये. तिला कुणी विकायला लागलं तर तुम्हीच थांबवा.

आणि वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: औषधांचा इतिहास कागदावर घ्या. अॅम्लोडिपिन, निफेडिपिन, फेनिटॉइन, सायक्लोस्पोरिन यांनी हिरडी फुगते. ती कापली आणि औषध तेच राहिलं तर पुन्हा फुगण्याची शक्यता मोठी. औषध बदलायचं की नाही हे फिजिशियन ठरवतील, आपण त्यांना पत्र द्यायचं. ब्रेसेस नुकत्याच काढल्या असतील तर सूज उतरायला निदान तीन महिने द्या, बऱ्याचदा त्यातच अर्धं काम होतं. मिश्री लावणाऱ्या बाईंचं ऑपरेशन मिश्री सुटेपर्यंत पुढे ढकला. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, आणि बोट रोज त्याच जागी घासलं जाणार असेल तर हिरडी तिथून खाली राहत नाही, मूळ उघडं पडतं.

तालुका_डेंटिस्ट

मॅडम, तिची हिरडी गडद आहे आणि ‘त्याच वेळी गुलाबी पण करून द्या’ अशी मागणी आहे. एकाच बैठकीत करावं का? ही केस मी स्वतः करावी की पाठवावी, हेही सांगा.

हिरडी_मॅडम

एकाच बैठकीत नको. फ्लॅप उचललेला असतो तेव्हा त्याचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो. त्यावरून वरचा थर खरवडला तर कड मरते किंवा आक्रसते. किमान तीन महिने जाऊ द्या.

त्याआधी तिच्याशी बोला. आपल्याकडची गडद हिरडी म्हणजे मेलॅनिन, त्वचेच्या रंगासारखंच. रोग नाही, घाण नाही, घासून जाणारही नाही. कोणीतरी तिच्या मनात हा दोष म्हणून घातलेला असतो आणि आपण लगेच दर सांगून त्याला दुजोरा देतो, याचं वाईट वाटतं. सगळं ऐकूनही तिला हवं असेल तर करता येतं: ब्लेडने, बरने किंवा डायोडने, आणि इथे तुमचा डायोड खरंच कामाचा आहे. फक्त रंग काही महिन्यांपासून काही वर्षांत परत येऊ शकतो हे लिहून द्या. हिरडी पातळ असेल तिथे हात आवरा. एखादाच डाग नवा असेल, वाढत असेल किंवा एकाच बाजूला असेल, तर आधी बायोप्सी.

फ्लॅप आणि हाडाचं काम या आधी केलेलं नसेल तर ही केस शिकण्यासाठी योग्य नाही. सहा दात, समोरच, तरुण मुलगी. पाठवा, आणि शेजारी उभं राहून बघा. खर्च अडत असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत पेरिओचे (हिरड्यांच्या उपचारांचे) विभाग आहेत. गोव्याच्या बाजूला असाल तर बांबोळीचं दंत महाविद्यालय आहे. जाताना फोटो, सीबीसीटी आणि हे सगळे आकडे बरोबर द्या, म्हणजे तिला पुन्हा पहिल्यापासून फिरावं लागणार नाही.

मेण_आणि_प्लास्टर

लॅबमधून स्टेंटबद्दल (हिरडी कुठे कापायची ते दाखवणाऱ्या साच्याबद्दल) लिहितो, कारण बऱ्याचदा सगळं बरोबर असून स्टेंट चुकतो.

माप अल्जिनेटचं चालेल, पण हिरडी व्हेस्टिब्यूलपर्यंत यायला हवी. बहुतेक माप हिरडीच्या कडेवरच संपलेलं येतं, त्यावर काहीच करता येत नाही. डॉक्टरांनी प्रत्येक दाताची हवी ती उंची लिहून द्यावी, ‘छान दिसेल असं करा’ लिहू नये. मॉडेलवर प्लास्टरची हिरडी तेवढी खरवडून दाताचं मेण चढवतो, मॉडेलची नक्कल काढतो आणि त्यावर १ मिमीची पारदर्शक शीट व्हॅक्यूमवर ओढतो. शीटची कड म्हणजे हिरडीची नवी कड. त्याच्या ३ मिमी वर दुसरी रेघ हवी असेल तर पातळ खिडकी कापून देतो, म्हणजे हाड बघताना तीच शीट पुन्हा लावता येते.

शीट मागच्या दाढांपर्यंत घेतो. फक्त सहा दातांवरची शीट बोटाच्या दाबाने वर-खाली होते आणि अर्धा मिमी तिथेच जातो. तोंडात लावल्यावर धारा शीटला पूर्ण टेकल्या आहेत का ते आधी बघा. धार आणि शीट यांच्यात फट दिसत असेल तर त्या दिवशी ब्लेड उचलू नका, शीट परत पाठवा. रेझिनमध्ये प्रिंट केलेला गाइडही देता येतो, तो जास्त कडक असतो, पण हिरडी आणि हाडाच्या फाइली एकमेकांवर नीट बसवलेल्या असतील तरच त्याचा उपयोग.

ऑटोक्लेव्हमध्ये शीट टाकू नका, ती वितळून वाकडी होते. २ टक्के ग्लुटारअल्डिहाइडमध्ये दहा तास बुडवून ठेवा, म्हणजे आदल्या रात्रीच टाकावी लागते, आणि सकाळी निर्जंतुक सलाइनने भरपूर धुवा. थोडंसं जरी राहिलं तरी उघड्या जखमेला झोंबतं.